साखरेचे खाते

मराठी भाषेतून साखर वजा केली तर मागे फारसे काही शिल्लक राहत नाही. शुभ बोलणाऱ्याच्या तोंडात साखर पडते, लग्न जमले की साखरपुडा होतो, आणि साखरेचे खाणाऱ्याला देव वरून परस्पर पुरवठा करतो. संक्रांतीला तर नुसते गोड बोलायचे म्हटले तरी आधी तिळगूळ मोजावा लागतो. म्हणजे तोही व्यवहार रोखीचाच. पास झालेला, नोकरी लागलेला, बाप झालेला असा कोणीही मनुष्य दारात आला की आपण प्रथम त्याच्या हातावर साखर ठेवतो. 'खाल्ल्या मिठाला जागावे' असे म्हणतात खरे, पण मीठ कोणी कोणाच्या हातावर ठेवीत नाही. हातावर मीठ दिले तर भांडण होते म्हणे. साखर दिली तर काय होते, हे मात्र पूर्वजांनी सांगून ठेवले नाही. ते काम त्यांनी डॉक्टरांवर सोपवले.

अशा भाषेत 'मला साखर नको' हे वाक्य व्याकरणाने शुद्ध असले तरी सभ्य समजले जात नाही. 'नको' म्हणणाऱ्याविषयी लोकांचे दोनच तर्क असतात: एक तर हा आजारी असावा, नाहीतर रुसलेला असावा. मी आजारी आहे. पण लोकांना मी रुसलेला असणे जास्त सोयीचे वाटते, कारण रुसलेल्या माणसाला आग्रह करता येतो.

त्यातून मी राहतो कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, आणि नोकरी करतो बँकेच्या काउंटरवर. आमच्या मुलखात साखर हा खाण्याचा पदार्थ नाही, ते चलन आहे. गळीत हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, हवेत मळीचा वास आणि आमच्या शाखेत ऊसबिलांची चौकशी. ऊसबिल जमा झाले की पीककर्ज फिटते, पोरीचे लग्न निघते, घरावर स्लॅब पडतो, आणि या प्रत्येक प्रसंगी काउंटरच्या फटीतून एक पेढा आत येतो. ज्यांच्या उसावर आमच्या शाखेच्या ठेवी उभ्या आहेत त्यांचा पेढा परत करणे म्हणजे त्यांचाच चेक न वटवता परत करण्यासारखे आहे. कारण काय लिहायचे? 'अपुरी शिल्लक' तर नव्हेच.

१९५० च्या सुमारास प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि त्यानंतर महाराष्ट्रात घरेच्या घरे साखरेवर शिकली. आमच्या घरचा दीड एकर ऊस होता. माझी बी.कॉम.ची फी ऊसबिलातूनच गेली. तेव्हा साखरेला शिव्या देण्याचा मला अधिकार नाही. सख्ख्या चुलत्याशी वाटणी झाल्यावर जसे वागतात, तसे मी तिच्याशी वागतो: समोर आली तर नमस्कार, पण घरात राहायला ये असे म्हणायचे नाही.

माझ्या शरीरातली दोन खाती सध्या देखरेखीखाली आहेत. एक पोटाचे, दुसरे हृदयाचे. पोटातले आम्ल खाली राहायचे सोडून वर छातीपर्यंत येते. त्याला डॉक्टर लांबलचक इंग्रजी नाव देतात आणि आमची आई 'पित्त' म्हणते. हृदयाच्या एका धमनीत स्टेंट नावाची जाळीची नळी बसवलेली आहे. ही दोन बिऱ्हाडे अगदी भिंतीला भिंत लावून राहतात. मध्ये काय तो एक पडदा. आणि चाळीत जसे एका खोलीत खुट्ट झाले तरी आवाज नेमका कोणाकडून आला ते कळत नाही, तसे इथेही आहे. छातीत जळजळते आहे म्हणजे पोटाची तक्रार की हृदयाची, हे बाहेरून सांगता येत नाही. या एका गोष्टीवर पुढे येणार आहे.

दोन खात्यांचे दोन डॉक्टर. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हृदयाचे डॉक्टर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल देतात. अ‍ॅस्पिरिन पोटाला बोचते, म्हणून पोटाचे डॉक्टर आम्ल कमी करणारी गोळी देतात. पण त्या जातीतली ओमेप्राझोल ही गोळी क्लोपिडोग्रेलच्या कामात आडवी येते, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी २००९ सालीच दिलेला आहे. आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी मांडल्या, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "साहेब, ह्या दोघींची अजून ओळख झालेली दिसत नाही." त्याने फोनवर ती करून दिली, आणि गोळी बदलली. तेव्हापासून मी प्रत्येक डॉक्टरला दुसऱ्याची चिठ्ठी दाखवतो. बँकेत दोन पुस्तकांतल्या नोंदी रोज एकमेकींशी ताडून पाहतातच. शरीरात तर व्याजही आपल्यालाच भरायचे असते.

एरवी फारसे न जमणाऱ्या ह्या दोन डॉक्टरांचे साखरेच्या बाबतीत मात्र पूर्ण एकमत आहे. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, जादा साखरेची यकृत चरबी करून ठेवते आणि ती रक्तात सोडते. पोटाचे डॉक्टर म्हणतात, साखरेने वजन वाढते, पोटाचा घेर वाढतो, आतून दाब येतो आणि आम्ल वर चढते. दोघांनी मिळून मला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. बाई वयाने माझ्या भाचीएवढ्या, पण आवाज थेट ऑडिटरचा.

"जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलंय," बाई म्हणाल्या, "दिवसाच्या एकूण उष्मांकांत वरून घातलेल्या साखरेचा वाटा १० टक्क्यांच्या आत हवा. ५ टक्क्यांच्या आत आणलात तर उत्तम."

टक्केवारी आली आणि माझ्यातला बी.कॉम. जागा झाला. दिवसाचे २,००० उष्मांक धरा. त्याचे पाच टक्के म्हणजे १००. एका ग्रॅम साखरेत उष्मांक ४, म्हणजे साखर २५ ग्रॅम. सपाट चमचा ४ ग्रॅमचा, म्हणजे चमचे सहा. चहा, बिस्किटे, सरबत, सणवार, पाहुणचार आणि ऊसबिलाचे पेढे धरून रोजचे सहा चमचे. आमच्या भाषेत ह्याला 'लिमिट' म्हणतात. फरक एवढाच की बँकेत लिमिट वाढवून मागता येते.

आता सपाट चमचा ही वस्तू फक्त पुस्तकात असते. आमच्या घरात चमच्याला शीग असते. आईच्या मते सपाट चमचा वाढणे आणि दारातून हाकलून देणे यात फारसा फरक नाही. ह्या शिगेचा निकाल लागावा म्हणून मी आईच्या हातचा एक चमचा साखर पुडीत बांधून शाखेत नेला. आमच्याकडे सोनेतारण कर्जासाठी काटा आहे. दागिने पारखायला येणाऱ्या सराफांनी जेवणाच्या सुट्टीत पुडी काट्यावर ठेवली, सवयीने भिंग लावले आणि गंभीरपणे म्हणाले, "आठ ग्रॅम. घट नाही, शंभर नंबरी माल. पण ह्यावर कर्ज बसायचं नाही." म्हणजे आईचा एक चमचा हा जागतिक आरोग्य संघटनेच्या दोन चमच्यांबरोबर. हा विनिमय दर कळल्यावर हिशेब सोपा झाला, आणि आयुष्य अवघड.

कारण साखर नुसती चमच्यात नसते. चमच्यातली साखर निदान आपल्या नावाने वावरते; बाकीची बेनामी खात्यांत पडून असते. बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरे वाचली तर डेक्स्ट्रोज, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, मध अशी चांगल्या घरची नावे निघतात, आणि सगळ्यांचा पत्ता एकच. टोमॅटो सॉसच्या एका मोठ्या चमच्यात साधारण एक चमचा साखर असते, आणि आपण ते भज्याबरोबर खातो म्हणून तिखटाच्या नावे टाकतो. थंड पेयाच्या ३०० मिलीलिटरच्या बाटलीत सात-आठ चमचे असतात. ती बाटली एका दमात संपवणाऱ्या माणसाला तेवढीच साखर कोरडी खायला दिली तर तो पोलिसांत जाईल. २०२० च्या अन्न-लेबलांच्या नियमांनी वरून घातलेल्या साखरेचा आकडा पुड्यावर छापणे आले आहे. पण तो आकडा वाचायला जो चष्मा लागतो, तो आपण घरी विसरावा अशी दुकानदाराची इच्छा असते.

पोटाच्या डॉक्टरांनी इसबगोल सांगितले. इसबगोल मोठे गुणी. पोट वेळेवर साफ होते आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉलही थोडे उतरते, म्हणजे एकाच चलनाने दोन खात्यांत भरणा. संत्र्याच्या चवीचा डबा हातात घेऊन पाठीमागचे वाचले, तर तिथेही साखर बसलेली! डबा परत ठेवून साधा भुसा घेतला. त्याला चव अशी नाही. पण बँकेत पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला बेचव गोष्ट रोज नियमाने करण्याचे शिक्षण वेगळे द्यावे लागत नाही.

सणाचा हिशेब तर न मांडलेला बरा. श्रीखंडात चक्का आणि साखर समभाग. शंभर ग्रॅमची वाटी म्हणजे साखर पन्नास ग्रॅम, म्हणजे गुढीपाडव्याचा माणूस एका वाटीत दोन दिवसांचे लिमिट उचलतो आणि वर दुसऱ्या वाटीचा आग्रह होतो.

ह्या बाबतीत सगळ्यांत कठीण आमचे खातेदार. गुऱ्हाळे सुरू झाली की एकजण न चुकता काकवीची बाटली आणि गुळाची ढेप घेऊन येतात. मी हात जोडतो.

"अवो सायेब, साखर खाऊ नगा, बरोबर हाय," ते म्हणतात, "पर ह्यो गूळ हाय. हेला काय हुतंय? औषीद हाय हे!"

गुळात थोडे लोह आणि क्षार असतात हे खरे, पण मुख्य माल साखरच. मधाचे तेच, काकवीचे तेच. जागतिक आरोग्य संघटना ह्या सगळ्यांना एकाच खात्यात धरते. फळाच्या रसालासुद्धा! सबंध फळ मात्र त्यातून सोडले आहे. संत्रे खा, संत्र्याचा रस नको. हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ढेप काउंटरवर ठेवून म्हणाले, "मग वैनीस्नी द्या." या माणसाचा सगळा संसार उसाच्या मुळाशी आहे. मी गुळाला नाही म्हणतो तेव्हा तो त्याच्या रानाला नाही म्हटल्यासारखे होते. ती ढेप मी घेतो, आणि शाखेतल्या शिपायापासून मॅनेजरपर्यंत हुद्द्याच्या उलट क्रमाने वाटतो.

दुसरा हल्ला पुण्याहून झाला. मेहुण्याने 'शुगर फ्री' पेढ्यांचा खोका आणला. "दाजी, बिनधास्त खा, एक दाणा साखर नाही!" साखर नव्हतीच, सॉर्बिटॉल होते. हा पदार्थ लहान आतड्यात पुरता शोषला जात नाही. पुढे जाऊन पाणी ओढतो आणि तिथल्या जंतूंची चंगळ करतो. दुसऱ्या दिवशी भर गर्दीच्या वेळी माझ्या पोटात संपकऱ्यांच्या घोषणा सुरू झाल्या. समोरच्या आजीबाईंनी पासबुक मागे घेतले आणि म्हणाल्या, "तुमचं मशीन आवाज करतंय बघा. मी उद्या येते." पुढे २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगून टाकले की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा नकली गोडव्यांच्या नादी लागू नका. तिने सॉर्बिटॉलचे नाव त्या यादीत घेतलेले नाही. पण त्याच्याविरुद्ध माझ्या पोटाची साक्ष पुरेशी आहे.

गोड नको म्हटले की आग्रह करणारे लगेच दुसरे दार उघडतात: "मग तिखट घ्या!" आमच्या जिल्ह्यात ह्याचा अर्थ भडंग, नाहीतर तांबडा रस्सा. तिखट आणि तेलकटाने माझे पोट पेटते, मिठाने रक्तदाब चढतो. हृदयाच्या डॉक्टरांनी निक्षून सांगितले आहे, "साखर सोडली म्हणून तूप, मीठ आणि बसून राहणं माफ झालं असं नाही." म्हणजे कोल्हापुरात राहून गोड नाही आणि तिखटही नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणाले, "मग तुम्ही बदली का मागत नाही?"

साखरेच्या हिशेबात गडबड करणारे नुसते आमच्याच गल्लीत आहेत असे नाही. १९६७ साली अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात हार्वर्डच्या शास्त्रज्ञांचा लेख आला. हृदयविकाराचा सगळा दोष चरबीवर टाकून साखरेला त्यांनी जवळजवळ निर्दोष सोडले. त्या कामासाठी साखर उद्योगाच्या संस्थेने ६,५०० डॉलर मोजले होते, हे बाहेर यायला २०१६ साल उजाडले. एकोणपन्नास वर्षे व्हाउचर सापडले नव्हते! दरम्यान २०१४ मध्ये अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासात दिसले की ज्यांच्या उष्मांकांत वरून घातलेली साखर २५ टक्के किंवा त्याहून जास्त आहे, त्यांना हृदयविकाराने मरण्याचा धोका १० टक्क्यांच्या आत असणाऱ्यांच्या पावणेतीन पट आहे. नुसत्या निरीक्षणावरून साखर हेच एकमेव कारण असे सिद्ध होत नाही, हेही खरे. पण कर्जदाराबद्दल एवढे कळले तरी आम्ही सही करीत नाही.

आकडे आकड्यांच्या जागी. माझ्या घरात ह्या हिशेबाची खरी सुरुवात १९९४ साली झाली.

मी तेव्हा अकरावी कॉमर्सला होतो. वडील रात्री उसाला पाणी पाजून आले आणि म्हणाले, "छातीत जळजळतंय. पित्त झालं वाटतं." आईने लिंबू पिळून, साखर आणि खायचा सोडा घालून पेलाभर पाणी दिले. त्या काळी कोणत्याही घरात हेच दिले असते. ढेकर आली, त्यांना बरे वाटले, त्यांनी आणखी अर्धा पेला मागून घेतला. पहाटे गेले. अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. आई त्यावर पुढे कधीच बोलली नाही. फक्त आमच्या घरात खायचा सोडा पुन्हा आला नाही. भजी कडक होत, पण कोणी विचारीत नसे.

दोन वर्षांपूर्वी एका रात्री माझ्या छातीत जळजळू लागले. सौ. उठली. "अहो, पित्ताची गोळी देऊ का?" आई पलीकडच्या खोलीत झोपलेली, पण आया झोपतात ही एक समजूतच आहे. ती दारात येऊन म्हणाली, "गोळी राहू दे. रिक्षा बोलव आधी."

"आई, पित्तच असलं तर?" सौ. म्हणाली.

"असलं तर दवाखान्यात कळंल की. परत येऊ."

रिक्षात तिने माझे मनगट असे धरले होते की जणू मी यात्रेत हरवणार आहे. ईसीजी निघाला, मला कोल्हापूरला हलवले, आणि दुसऱ्या दिवशी स्टेंट बसला. डॉक्टर तिला म्हणाले, "आजी, वेळेत आणलंत." ती काही बोलली नाही. एवढेच म्हणाली, "हा खातो काय ते लिहून द्या."

वडिलांचा कारखान्याचा शेअर आता आईच्या नावावर आहे, आणि दिवाळीला सभासदाला सवलतीच्या दरात साखर मिळते. तिला ती 'ह्यांची साखर' म्हणते. सोडवत नाही. पूर्वी ती आमच्याच घरात संपायची. आता ती साखर घरी येते, देवापुढे ठेवली जाते, आणि संध्याकाळपर्यंत पाच घरी वाटली जाते. मी एकदा म्हणालो, "आई, शेजाऱ्यांच्या हृदयाचं काय?"

"त्यांस्नी त्यांच्या आया हाईत," आई म्हणाली.

माझ्यासाठी तिने एक छोटी पितळी डबी काढली आहे. रोज सकाळी तीत सहा चमचे साखर मोजून पडते. चमच्यावरची शीग ती सुरीच्या पाठीने उतरवते. चहात शीग घालणाऱ्या ह्याच हाताने! हा अधिकार तिने सुनेलाही दिलेला नाही. दिवसभराचे सगळे त्याच डबीतून. बाहेर एक पेढा खाल्ला तर घरी येऊन जाहीर करायचा; तेवढी साखर डबीतून मोठ्या डब्यात परत जाते. रात्री जे उरेल तेही परत जाते. आजची शिल्लक उद्या चालत नाही, हा नियम मी तिला सांगितलेला नव्हता; तो तिचाच. चहा दोन चमच्यांवरून एकावर आला, महिन्याभराने अर्ध्यावर आला, आणि आता लग्नाच्या मांडवातला चहा जिभेला पाक वाटतो. रात्रीचे जेवण आठाच्या आत, म्हणजे झोपेपर्यंत तीन तास मिळतात आणि पित्ताचीही रात्रपाळी बंद झाली. मागच्या तपासणीत दोन्ही डॉक्टरांनी एकाच आठवड्यात 'ठीक आहे' म्हटले. आमच्या शाखेला इतका स्वच्छ अहवाल अजून मिळालेला नाही.

गेल्या महिन्यात मी एकोणपन्नास वर्षांचा झालो. घरात कोणी आकडा उच्चारला नाही. आईने मात्र त्या दिवशी देवापुढे दोनदा दिवा लावला. संध्याकाळी बँकेतून आलो, पाय धुतले, तशी तिने डबी उघडली आणि हातावर साखर ठेवली. चांगली मुठीएवढी वाटली. मी सवयीने डबीत डोकावलो.

"बघू नगंस," ती म्हणाली. "तुझ्याच खात्यातली हाय. जास्तीचा एक दाणा न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "सकाळपासनं तुझ्या दोन्ही चहात मी साखर घातलीच नव्हती. तुला कळलं न्हाई."